एक वाजताचा भोंगा

आमच्या काउंटीत मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी एक वाजता टोर्नेडोचे भोंगे वाजवून पाहतात. उंच खांबांवर बसवलेले हे भोंगे चालू स्थितीत आहेत की नाहीत एवढेच त्यातून तपासायचे असते, त्यामुळे इथले जुने रहिवासी तो आवाज ऐकून मानही वर करत नाहीत. मिशिगनमध्ये येऊन मला सहा वर्षे झाली आणि मलाही तो ऐकू येईनासा झाला होता. त्या सवयीची किंमत सात वर्षांच्या एका मुलाला आणि त्याच्या आईला मोजावी लागली. चूक माझी होती, म्हणून त्या शनिवारची हकीकत मी सविस्तर लिहून ठेवत आहे.

डेट्रॉइटच्या एका उपनगरातील होशूकोमध्ये मी ग्रंथालय आणि कार्यालय सांभाळते. ‘होशू ज्युग्योउ को’ हे या शाळांचे पूर्ण नाव, म्हणजे पूरक शिक्षणाची शाळा. परदेशात राहणारी जपानी मुले सोमवार ते शुक्रवार त्या त्या देशातील शाळेत जातात आणि शनिवारी इथे येऊन जपानच्या अभ्यासक्रमातील भाषा आणि गणित शिकतात. जगभरात अशा दोनशेहून अधिक शाळा असून १९५८ साली वॉशिंग्टनला सुरू झालेली शाळा त्यांत सर्वांत जुनी मानली जाते. विद्यार्थी शंभराच्या वर असले की जपानचे शिक्षण मंत्रालय मुख्याध्यापक पाठवते. बाकीचे शिक्षक इथेच राहणारे, बहुधा कोणाची तरी आई किंवा कोणाचे तरी वडील. वर्ष जपानप्रमाणे एप्रिलमध्ये सुरू होते आणि मार्चमध्ये संपते. तिकडे आठवडाभर चालणारा धडा इथे एका दिवसात उरकावा लागतो. प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत १,०२६ कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली अक्षरे, शिकायची असतात, त्यांतील १६० एकट्या दुसरीत, आणि हाताशी शनिवार असतात चाळीसच्या आसपास. जे वर्गात बसत नाही ते घरी जाते, आणि शुक्रवारी रात्री कित्येक घरांत शाळेच्या नावाने रडारड चालते हे मला पालकांच्या तोंडून नेहमी ऐकायला मिळते.

मी मूळची सोलापूरची. जपानी भाषा पुण्यात शिकले, लग्नानंतर नऊ वर्षे जपानमध्ये नागोयाला काढली आणि नवऱ्याची बदली झाली तेव्हा इकडे आले. मुलगी नागोयाच्या सरकारी शाळेत दुसरीपर्यंत शिकली होती, तिचे जपानी टिकावे म्हणून तिला या शाळेत घातले आणि दोन वर्षांनी इथल्या कार्यालयात जागा निघाली तेव्हा मी अर्ज केला. जपानी नागरिक असलेल्या मुलांना त्यांच्या सरकारकडून पाठ्यपुस्तके विनामूल्य मिळतात, ती दूतावास आणि वाणिज्य दूतावासांमार्फत खोक्यांतून येतात. माझ्या मुलीची पुस्तके आम्ही विकत घेतो. शनिवारी जपानी आणि रविवारी बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अभ्यासक्रमाची मराठी शाळा, असा तिचा आठवड्याचा शेवट असतो. तिला ते जड जाते हे मला दिसते, तरीही मी दोन्हींपैकी एकही सोडू दिलेले नाही.

शाळेत दोन तऱ्हेची मुले असतात. काही वडिलांच्या कंपनीच्या बदलीमुळे तीन-चार वर्षांसाठी आलेली, परत गेल्यावर त्यांना तिथल्या वर्गात बसायचे असते. काही इथेच जन्मलेली, इथेच राहणार असलेली, घरात आई किंवा वडील यांपैकी एकजणच जपानी असलेली. एकाच वर्गात, एकाच पुस्तकावरून दोघांना शिकवायचे, ही प्रत्येक होशूकोची रोजची अडचण आहे. पहिल्या गटातील पालकांना वाटते की शाळेचा वेग कमी आहे आणि दुसऱ्या गटातील पालकांना वाटते की तो झेपत नाही. दोघांचेही खरे असते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, ती म्हणजे जागेची. इमारत भाड्याची आहे. आठवड्यातील पाच दिवस ती स्थानिक सार्वजनिक शाळा असते आणि तिथल्या प्रत्येक डेस्कच्या उघड्या कप्प्यात कोणातरी अमेरिकी मुलाच्या वह्या, कात्री, गोंद, रंगखडू असतात. ‘कप्प्यात हात घालायचा नाही’ हा आमच्या मुलांना लावलेला पहिला नियम. सकाळी साडेआठला वर्ग उघडला की शिक्षक फोनवर चारही बाजूंनी वर्गाची छायाचित्रे घेतात आणि तीन वाजता ती पाहून खुर्च्या, डेस्क, फळ्यावरील चुंबके जिथल्या तिथे ठेवतात. आपण आलो होतो हे सोमवारी कोणाला कळता कामा नये, अशी अपेक्षा असते.

तो नोव्हेंबरचा पहिला शनिवार होता. दुसरीच्या वर्गशिक्षिकेचे मूल रात्रीपासून तापाने फणफणले होते. बदली म्हणून आलेल्या पालक शिक्षिकेला दुपारी विमानतळावर जायचे होते, त्यामुळे डबा खाऊन झाल्यावरच्या पाचव्या तासाला उपमुख्याध्यापक माझ्याकडे आले आणि वर्गात बसण्याची विनंती केली. शिकवायचे काही नव्हते. मुले ‘कुकु’ पाठ करत होती, त्यांचे ऐकून घ्यायचे आणि पत्रकावर शिक्के मारायचे. ते काम मी मनापासून करते.

कुकु म्हणजे जपानी पाढे. शब्दशः ‘नऊ-नव्वे’. जपानमध्ये ते दुसरीच्या शरद ऋतूत शिकवतात, आधी पाचाचा, मग दोनाचा, तिनाचा, चाराचा, अशा क्रमाने. अमेरिकी शाळेत गुणाकार खऱ्या अर्थाने तिसरीत येतो, त्यामुळे आमच्या दुसरीतील मुले या एका बाबतीत आपल्या सोमवारच्या वर्गमित्रांच्या पुढे असतात आणि त्याचा त्यांना फार अभिमान असतो. पाढा तीन प्रकारे म्हणून दाखवायचा: चढता, उतरता आणि मधूनच कुठूनही विचारलेला. प्रत्येक प्रकाराला एक शिक्का. आपल्याकडे ‘तीन त्रिक नऊ, तीन चोक बारा’ म्हणताना जसे आकड्यांचे रूप बदलते तसे त्यांच्याकडेही बदलते. तीन आणि तीन म्हणजे ‘साझान गा कु’, तीन आणि सहा म्हणजे ‘साबुरोकु ज्यूहाचि’. तीनला नेहमी ‘सान’ म्हणतात, त्याचा इथे पत्ता लागत नाही, कान आणि जीभ यांच्यातच तो हिशेब असतो. ज्याने लहानपणी पाढे मोठ्याने म्हटले आहेत त्याला दुसऱ्या भाषेतील पाढे ऐकतानाही ठेका ओळखीचा वाटतो. आमच्याकडे सोलापुरात आजोबा संध्याकाळी दिवा लावल्यावर तिसापर्यंत पाढे म्हणवून घ्यायचे आणि शेवटी पावकी-निमकी यायची. कुकु नवापाशीच थांबते हे प्रथम कळले तेव्हा मला जपानी मुलांचा हेवा वाटला होता.

वर्गात चौदा मुले होती. त्यांतील एक मुलगा ऑक्टोबरच्या मध्याला जपानमधील हामामात्सुहून आलेला. त्याचा हा तिसरा शनिवार. डेस्क खिडकीजवळचे, मागून दुसरे. डब्याच्या सुट्टीत तो एकटाच जागेवर बसून होता. इंग्रजी मुळीच येत नव्हते आणि जपानी फार नीटनेटके. ‘हो’ म्हणतानाही पाठ ताठ करून म्हणायचा. तिनाचा पाढा त्याला तिन्ही प्रकारे येत होता, तरी रांगेत आपला क्रम येईपर्यंत ओठ हलवत घोकत होता.

एक वाजायला काही सेकंद असताना मी सगळ्यांना एकत्र तिनाचा पाढा म्हणायला सांगितले आणि त्याच वेळी भोंगा सुरू झाला. खालच्या सुरातून चढत जाऊन वरच्या सुरावर खिळून राहणारा तो आवाज शाळेच्या मागच्या मैदानापलीकडील खांबावरून येतो, म्हणजे फार जवळून. मुलांनी पाढा थांबवला नाही. उलट भोंग्याच्या वर आवाज जावा म्हणून ती ओरडून म्हणू लागली, आणि खरे सांगते, मला ते आवडले. ‘सान्गो ज्यूगो, साबुरोकु ज्यूहाचि’ असा वर्ग दणाणून गेला होता. तेवढ्यात मागे खुर्ची पडल्याचा आणि पाठोपाठ काहीतरी फरशीवर विखुरल्याचा आवाज झाला.

तो डेस्कखाली गेला होता.

अमेरिकी शाळांतील ही डेस्क बुटकी असतात आणि कप्प्यामुळे खालची जागा आणखी आखूड होते. त्याचे डोके आणि खांदे आत होते, कंबर अर्धी आणि पाय पूर्ण बाहेर. दोन्ही हातांनी त्याने डेस्कचा एक पाय इतका घट्ट धरला होता की बोटांची पेरे पांढरी पडली होती. कप्प्यातील रंगखडूंचा डबा त्याच्या धक्क्याने खाली पडून उघडला होता आणि खडू चहूकडे घरंगळत होते. डोळे उघडे, ओठ घट्ट मिटलेले. खुर्चीवर बसायला घेतलेली जाड उशी त्याने ओढून डोक्यावर घेतली होती. ती मी ओळखली. जपानमध्ये अनेक शाळांतील मुलांच्या खुर्चीवर एक उशी असते, ती उलगडली की भूकंपात डोक्यावर घ्यायची टोपी होते. तिला ‘बोसाइ झुकिन’ म्हणतात. आमच्या शाळेत ती आणावी असे कोणी सांगत नाही. त्याच्या आईने ती हामामात्सुहून येताना सामानात घातली होती आणि तो दर शनिवारी ती दप्तरासोबत आणत होता.

मी धावत गेले आणि त्याच्याजवळ जमिनीवर बसले. काही नाही, काही होत नाही, घाबरू नकोस, असे जेवढे म्हणता येईल तेवढे जपानीत म्हटले. त्याने माझ्याकडे पाहिले, पण उत्तर दिले नाही. पाठीवर हात ठेवला तर अंग लाकडासारखे. पाढा एव्हाना थांबला होता आणि सगळी मुले उभी राहून पाहत होती. त्याच्या पुढच्या डेस्कवरील मुलगी, जी मिशिगनमध्येच जन्मली आणि जिचे वडील अमेरिकी आहेत, ती गुडघ्यांवर बसून त्याच्या तोंडाजवळ वाकली आणि फार प्रेमाने म्हणाली, “तेसुतो दा यो. तादा नो तेसुतो.” टेस्ट आहे, नुसती टेस्ट आहे.

इंग्रजीत तिच्या मनात जे होते ते बरोबर होते: भोंग्याची चाचणी चालली आहे. परंतु जपानमधून नुकत्याच आलेल्या सात वर्षांच्या मुलाला ‘तेसुतो’ म्हणजे परीक्षा. ते ऐकून त्याने डेस्कचा पाय आणखी घट्ट धरला. त्या मुलीच्या चेहऱ्यावर जे आले ते मला अजून दिसते. आपण मदत केली आणि त्याने बिघडले, एवढे तिला कळले होते. का, ते कळले नव्हते. अशा प्रसंगी लागणारा शब्द तिच्याकडे नव्हता, कारण तो शब्द ज्या गोष्टीला लावतात ती गोष्ट तिने जपानीतून कधी केलेलीच नव्हती. अमेरिकी शाळेत टोर्नेडोच्या सरावाला मुले खिडक्यांपासून दूर, आतल्या बोळात भिंतीकडे तोंड करून बसतात आणि मानेवर हात धरतात. ती सगळे इंग्रजीतून शिकली होती.

भोंगा थांबला. तो मुलगा हलला नाही.

त्या शांततेत मला माझ्या मुलीचे नागोयातील वर्ष आठवले. पहिलीत असताना ती घरी येऊन आम्हा दोघांना जेवणाच्या टेबलाखाली बसवायची आणि चार अक्षरे म्हणून दाखवायची: ओ, हा, शि, मो. ढकलायचे नाही, पळायचे नाही, बोलायचे नाही, मागे फिरायचे नाही. जपानमधील बहुतेक शाळांत या अर्थाचा काही ना काही मंत्र मुलांकडून घोकून घेतात. १ सप्टेंबरला, १९२३ च्या कांतो भूकंपाच्या स्मृतिदिनी, देशभर सराव होतात. हामामात्सु शिझुओका प्रांतात येते, आणि तोकाई किनारपट्टीला मोठा भूकंप होणार हा इशारा १९७६ पासून तिथल्या लोकांच्या कानांत आहे. तिथली मुले हे सराव फार मन लावून करतात. आता मला त्याच्या मिटलेल्या ओठांचा अर्थ लागला. मी त्याला प्रश्नांमागून प्रश्न विचारत होते आणि त्याला शिकवले होते की अशा वेळी बोलायचे नाही. भीती होतीच, पण तिच्याही वर त्याला शिकवलेली शिस्त होती. तो अगदी बरोबर वागत होता. आणि अशा वेळी आत शिरलेले मूल बाहेर केव्हा येते, तर शिक्षकांनी तसे जाहीर केल्यावर. त्याला माझ्या ‘काही नाही, काही नाही’चा काय उपयोग होता? संपल्याचे मी म्हटलेच नव्हते.

मी उठून फळ्यापाशी गेले. नागोयाच्या शाळेत ध्वनिक्षेपकावरून ज्या सुरात सूचना यायच्या तो सूर आठवून, प्रत्येक अक्षर सुटे करत, मी सगळ्या वर्गाला उद्देशून म्हटले, “कुन्रेन ओ ओवारिमासु. मिनासान, सेकि नि मोदोत्ते कुदासाइ.” सराव संपला आहे. सर्वांनी आपापल्या जागेवर परत यावे.

तो बाहेर आला. उशी झटकली, घडी करून खुर्चीवर ठेवली, बसला, हात मांडीवर घेतले आणि मग, सगळे व्यवस्थित पार पडल्यावर, रडला. मुलांपैकी कोणी हसले नाही. ती पुढची मुलगी वळून त्याच्याकडे पाहत होती आणि पुटपुटत होती, “कुन्रेन. कुन्रेन.” शब्द पाठ करत होती.

इथे मला माझ्या दुसरीतील एक रात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला तेव्हा सोलापुरात आमचेही घर हलले. मांडणीवरील भांडी खाली आली. वडिलांनी आम्हा भावंडांना उचलून अंगणात आणले आणि सगळी गल्ली रस्त्यावर उभी राहिली. आम्हाला कोणी काही शिकवलेले नव्हते, कुठे जायचे, काय धरायचे. तेही एक वेळ ठीक; पण ते संपले असे आम्हाला कोणी सांगितले नाही. पुढे कित्येक रात्री आम्ही अंगणात सतरंज्या टाकून झोपलो, आजी तर दिवाळीपर्यंत घरात झोपायला तयार नव्हती, आणि मी पुढची दोन-तीन वर्षे भांड्याचा आवाज झाला की दाराकडे धावायची. त्या मुलाच्या डोळ्यांकडे पाहताना मला जे कळले ते बहुधा त्या अंगणातून कळले असावे.

खडू गोळा करायचे काम मुलांनी केले. सकाळचे छायाचित्र फोनवर काढून त्यातील डबा किती तिरका ठेवला होता तेही पाहिले. चोवीस खडू जमले, त्यांतील हिरवा मधोमध मोडला होता. तो मोडलेला पाहून त्या मुलाचा चेहरा पुन्हा उतरला, कारण दुसऱ्याच्या कप्प्यातील वस्तूला हात लावायचा नाही हा नियम त्याला तिन्ही शनिवारी ऐकवला गेला होता. मी त्याला म्हटले की तिनाचा पाढा आधी ऐकते. त्याने उभे राहून चढता म्हटला, उतरता म्हटला. मधूनच विचारलेले सांगताना तीन आठा चोवीसपाशी, ‘सान्पा निज्यूशि’ म्हणताना, उचकी लागली. तिन्ही शिक्के मी त्याच्या पत्रकावर मारले.

तीन वाजता पालक मुलांना घ्यायला आले. त्याची आई कडेवर तान्हे मूल घेऊन आली होती. मी तिला कार्यालयात बसवले, झाले ते सांगितले आणि क्षमा मागितली. नव्या कुटुंबाला आम्ही एक माहितीपत्रक देतो: डब्यात शेंगदाणे आणि सुकामेवा नको, गाड्या कुठे लावायच्या, बर्फामुळे शाळा बंद असल्याचे कसे कळवले जाईल, आजारी मुलाला केव्हा पाठवू नये. पूर्वी हे पत्रक दोन पानी होते आणि त्यात महिन्यातून एकदा वाजणाऱ्या भोंग्याविषयी दोन ओळी होत्या. उन्हाळ्यात मी ते एका पानावर बसवले. भोंग्याच्या ओळी काढताना माझ्या मनात काय होते तेही मला पक्के आठवते: हे तर सगळ्यांना माहीत असते. इथे नवे आलेल्यांसाठी लिहिलेल्या पत्रकात मी जुन्यांना माहीत असलेले गाळले होते.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग अगदी हळू आवाजात, आदरार्थी क्रियापदे न चुकवता, तिने सांगितले की एक वाजता ती अपार्टमेंटमध्ये बाळाला निजवत होती. भोंगा ऐकून तिने आधी न्हाणीघरातील टब पाण्याने भरायला लावला. आपत्तीत नळ बंद पडतात, म्हणून जपानमध्ये असे पाणी साठवून ठेवण्याची शिकवण आहे. मग पासपोर्टांची पिशवी गळ्यात अडकवली, बूट घातले, बाळाला छातीशी बांधले आणि दारापाशी बसून राहिली. नवरा कामासाठी दुसऱ्या राज्यात होता आणि फोन उचलत नव्हता. शेजारी विचारावे तर इंग्रजी येत नाही. खिडकीतून पाहिले तर समोरचे गृहस्थ वाळलेली पाने गोळा करत होते, थांबलेही नाहीत. ते पाहून आपल्याला काहीच समजत नाही असे तिला वाटले. शाळेत फोन करावा असे मनात आले होते, पण सगळे पालक एकदम फोन करत असतील, शाळेच्या कामात अडथळा नको, म्हणून केला नाही. अडीच वाजता टबातील पाणी तसेच ठेवून ती मुलाला घ्यायला निघाली.

आपल्या गावात, ती म्हणाली, संध्याकाळी पाचला कर्णे वाजतात, पण त्यावर मुलांच्या गाण्याची धून असते. मला ते ठाऊक होते. जपानमधील पुष्कळ गावांत ती धून रोज वाजते आणि मुले ती ऐकून खेळ आवरतात. आपत्तीच्या वेळी सूचना देणारे हे कर्णे चालतात की नाही हे त्याच निमित्ताने तपासले जाते. इथला भोंगाही नेमके तेच काम करतो. आमच्यापासून तासाभरावर असलेल्या फ्लिंट शहराजवळ ८ जून १९५३ रोजी झालेल्या टोर्नेडोत ११६ माणसे गेली. तो आवाज असा कानठळ्या बसवणारा का ठेवला आहे, हे मी तिला तेव्हा सांगितले. तिने विचारले की खरा इशारा आणि चाचणी यांतील फरक कसा ओळखायचा. हा प्रश्न गेल्या चार वर्षांत मला एकाही पालकाने विचारला नव्हता, मीही स्वतःला विचारला नव्हता. घड्याळ, वार आणि आभाळ पाहायचे, शंका असेल तर आत, खिडक्यांपासून दूर, शक्य असेल तर तळघरात जायचे आणि फोनवरील सूचना पाहायची, असे मी कागदावर जपानीत लिहून दिले. तिच्या मुलाने तो कागद तिच्याआधी वाचला आणि तळघराच्या कांजीवर बोट ठेवून, हे अक्षर अजून झालेले नाही, असे सांगितले.

त्याच आठवड्यात मी पत्रक पुन्हा दोन पानी केले. मुख्याध्यापकांशी बोलून एवढेही ठरवले की एप्रिलपासून वर्षातून एकदा इथल्या पद्धतीचा, बोळात बसण्याचा सराव जपानी भाषेतून घ्यायचा आणि त्यात सुरुवातीची तसेच शेवटची घोषणा दोन्ही करायच्या. एका शिक्षिकेने विचारले की वर्षातील चाळीस दिवसांतील अर्धा तास यात घालवणे परवडेल का. प्रश्न रास्त होता, त्या अर्ध्या तासात चार कांजी होतात. मी त्यांना त्या पुढच्या डेस्कवरील मुलीविषयी सांगितले. ती इथेच राहणार आहे, पण तिची आजी ओसाकाजवळ राहते आणि ती दर उन्हाळ्यात तिच्याकडे जाते. तिथे एखाद्या दिवशी कर्णे वाजले तर तिच्या कानांनी ते शब्द ओळखायला हवेत, हे मला चार कांजींपेक्षा कमी महत्त्वाचे वाटत नाही. शिक्षिका तयार झाल्या.

खडूंचे प्रकरण उरले होते. नियमाप्रमाणे स्थानिक शाळेच्या वर्गशिक्षिकेसाठी मी चिठ्ठी लिहिली, खडूंचा नवा डबा सोबत ठेवला, आणि त्या मुलाने स्वतःच्या हाताने, मी काढून दिलेली इंग्रजी अक्षरे गिरवत, ‘सॉरी’ असे खाली लिहिले. पुढच्या शनिवारी डेस्कवर उत्तर होते. नवा डबा तसाच परत केला होता आणि त्यावर पिवळ्या कागदावर पेन्सिलीने मोठ्या अक्षरांत लिहिले होते की हरकत नाही, हिरवा आधीच मोडलेला होता. मी ते त्याला जपानीत वाचून दाखवले. त्याने कागद मागितला आणि घडी घालून कुकुच्या पत्रकाच्या पाकिटात ठेवला.

हिवाळ्यात भोंगे वाजत नाहीत. मार्चच्या पहिल्या शनिवारी ते पुन्हा सुरू होणार हे मी आदल्या आठवड्यातच सगळ्या घरी कळवले होते. त्या दिवशी एक वाजायला पाच मिनिटे असताना वर्गशिक्षिकेने मुलांना आठवण करून दिली, आणि मी काही कारण काढून दुसरीच्या दारात जाऊन उभी राहिले. वर्ग पुस्तकातील उतारा एका सुरात वाचत होता. भोंगा चढू लागला तशी मुलांनी सवयीप्रमाणे आवाज चढवला. तो मुलगा खुर्चीवरच होता. बोसाइ झुकिन त्याच्याखाली होती. वाचणे न थांबवता त्याने फक्त दोन्ही हात डेस्कच्या कप्प्यात घातले आणि भोंगा थांबेपर्यंत तो रंगखडूंचा डबा घट्ट धरून ठेवला.